घरच्या अँटेनातून खरोखर किती वॅट बाहेर पडतात? ईआरपीचा हिशेब

सेटच्या मागे २५ वॅट छापलेले असते. गच्चीवर अँटेना उभी असते. मधे काळी केबल. बहुतेकांचा समज असा की सेटमधून २५ वॅट निघाले, म्हणजे अँटेनातूनही २५ वॅट हवेत गेले. प्रत्यक्षात कुठे ८ वॅटच वर पोचलेले असतात, तर कुठे तेच २५ वॅट एका दिशेला ७० वॅटसारखे काम करतात. हा फरक मोजणारा आकडा म्हणजे इफेक्टिव्ह रेडिएटेड पॉवर, थोडक्यात ईआरपी.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, हा आकडा तीन ठिकाणी लागतो. पहिले म्हणजे आपला आवाज कुठवर जाणार याचा अंदाज. दुसरे म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'वरच्या त्या काठीतून रेडिएशन किती येतं?' असा प्रश्न आला की द्यायचे उत्तर. आणि तिसरे म्हणजे नियम. आपल्याकडच्या काही नियमांत मर्यादा थेट ईआरपीतच दिलेली आहे. सामुदायिक रेडिओ केंद्राला साधारणपणे १०० वॅट ईआरपीपर्यंत परवानगी मिळते आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या बिनपरवाना पट्ट्यासाठी २००५ च्या नियमांत दोन आकडे शेजारी शेजारी होते: ट्रान्समीटर १ वॅट, ईआरपी ४ वॅट. एकाच यंत्राला दोन वेगळे आकडे का, हे कळले की निम्मा विषय कळला.

हॅम परवान्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मर्यादा ट्रान्समीटरच्या ताकदीवर असते आणि ती परवान्याच्या ग्रेडनुसार बदलते. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो, त्यामुळे बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद सगळीकडे नियम एकच. कॉलसाइन व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होते. तिच्यावरून माणूस कोल्हापूरचा की बेळगावचा हे कळत नाही. सीमाभागात असे सरकारी कागद फार थोडे.

डेसिबलची भाषा

ईआरपीचा हिशेब वॅटमध्ये करता येतो, पण गुणाकार-भागाकार करून डोके दुखते. डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये केला तर नुसती बेरीज-वजाबाकी उरते. त्यासाठी चार गोष्टी पाठ असल्या की पुरे. ३ डीबी वाढले की ताकद दुप्पट. ६ डीबी म्हणजे चौपट. १० डीबी म्हणजे दहापट. १ डीबी म्हणजे साधारण सव्वापट. कमी होताना हेच उलटे: ३ डीबी गेले की निम्मी ताकद गेली.

१ वॅटला शून्य डीबी धरायचे. याला डीबीडब्ल्यू म्हणतात. १० वॅट म्हणजे १० डीबीडब्ल्यू, १०० वॅट म्हणजे २० डीबीडब्ल्यू. २५ वॅट हे १०० चा चौथा भाग, म्हणून २० मधून ६ वजा, झाले १४ डीबीडब्ल्यू. ५ वॅटची हँडी म्हणजे १० वॅटच्या निम्मी, ७ डीबीडब्ल्यू. कॅल्क्युलेटरही लागत नाही.

आता सूत्र. सेटची ताकद घ्यायची, त्यातून केबलमधली आणि कनेक्टरमधली घट वजा करायची आणि अँटेनाचा गेन मिळवायचा. सूत्र एवढेच आहे, गोंधळ होतो तो गेनमध्ये.

गेन कुणाच्या तुलनेत?

अँटेना ताकद निर्माण करत नाही. आलेली ताकद ती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वाटते, बस्स. टॉर्चमागच्या आरशासारखे: बल्ब तोच, पण समोर उजेड जास्त. हा 'जास्त' कुणापेक्षा, हे सांगितल्याशिवाय गेनच्या आकड्याला अर्थ नाही.

तुलनेचे दोन मापदंड आहेत. एक काल्पनिक, सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणारा बिंदू. त्याच्याशी तुलना केली की आकड्यापुढे डीबीआय लिहितात. दुसरा खराखुरा, अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल. त्याच्याशी तुलना केली की डीबीडी. डायपोल स्वतः त्या बिंदूपेक्षा २.१५ डीबीने सरस असतो, म्हणून डीबीआयमधून २.१५ वजा केले की डीबीडी मिळते. ईआरपी काढताना डीबीडी वापरायचे असते. डीबीआय वापरून जे उत्तर येते ते ईआयआरपी, आणि तो आकडा ईआरपीच्या १.६४ पट मोठा दिसतो. नियम ईआरपीत असेल आणि हिशेब ईआयआरपीत केला, तर उत्तर चुकले म्हणून समजा.

दुकानदार बहुतेक वेळा डीबीआय छापतात, कारण आकडा मोठा दिसतो. काही डब्यांवर नुसते '६ डीबी' असते, पुढे काहीच नाही. तिथे डीबीआयच समजावे. तसे केल्याने निदान स्वतःची फसवणूक होत नाही. काही स्वस्त अँटेनांवरचे आकडे भौतिकशास्त्रालाही झेपणारे नसतात. उभ्या, चहूबाजूंना प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाला जास्त गेन हवा तर तिची लांबी वाढवावीच लागते. १४५ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे २ मीटर असते. तिथे मीटरभर उंचीच्या काठीला कुणी ९ डीबीआय म्हणत असेल तर ते जाहिरातीपुरते.

घरी सर्रास दिसणाऱ्या अँटेनांचे खरे गेन असे. चार काड्या खाली पसरलेली ग्राउंड प्लेन साधारण शून्य डीबीडी, कधी थोडी कमीच. तांब्याच्या नळीची जे-पोल किंवा स्लिम जिम हीसुद्धा शून्य डीबीडीच्या आसपास. तिच्याबद्दलचे '६ डीबी'चे दावे ऐकून सोडून द्यावेत. तीन काड्यांची यागी ५ ते ६ डीबीडी, पण फक्त समोर. हँडीवरची रबरी शेपटी मात्र उणे: डायपोलपेक्षा ३ ते ६ डीबी खाली, कधी त्याहूनही. म्हणजे ५ वॅटच्या हँडीचा ईआरपी दीड-दोन वॅटच निघतो.

खरी गळती केबलमध्ये

नवख्या माणसाचा सगळा पैसा सेटवर आणि अँटेनावर जातो, केबल मात्र जी मिळेल ती. हिशेब नेमका तिथेच बिघडतो.

१४५ मेगाहर्ट्झवर १०० मीटर केबलमागे घट साधारण अशी धरतात: बारीक आरजी-५८ मध्ये २० डीबी, जाड आरजी-२१३ मध्ये ९ डीबी, एलएमआर-४०० मध्ये ५ डीबी. कंपनीगणिक आकडा थोडा हलतो. बाजारातली हलकी आरजी-५८ यापेक्षा वाईट निघू शकते. वरची जाळी विरळ असेल तर ओळखावे.

दुमजली घर, खाली सेट, गच्चीवर मास्ट. केबल सहज २५ मीटर होते. सेट २५ वॅटचा, अँटेना ६ डीबीआयची, म्हणजे ३.८५ डीबीडी. कनेक्टर आणि लाइटनिंग अरेस्टर मिळून अर्धा डीबी धरू.

आरजी-५८ टाकली तर केबलमध्ये ५ डीबी गेले. १४ उणे ५ उणे ०.५ अधिक ३.८५, उत्तर १२.३५ डीबीडब्ल्यू, म्हणजे सुमारे १७ वॅट ईआरपी. अँटेनाच्या पायाशी जेमतेम ७ वॅट पोचले. बाकीचे १८ वॅट वाटेत केबल कोमट करण्यात गेले. तीच जागा, तोच सेट, पण आरजी-२१३ असेल तर घट सव्वादोन डीबी आणि ईआरपी सुमारे ३२ वॅट. एलएमआर-४०० असेल तर ४० वॅटच्या वर.

४३५ मेगाहर्ट्झवर हेच चित्र आणखी वाईट होते. तिथे आरजी-५८ ची घट १०० मीटरला ३८ डीबीच्या आसपास जाते, म्हणून २५ मीटरमध्ये साडेनऊ डीबी. २५ वॅटमधले पावणेतीन वॅटही कष्टाने वर पोचतात.

आता दुसरे टोक. ५ वॅटची हँडी गच्चीखालच्याच खोलीत, १० मीटर आरजी-२१३ आणि तीन काड्यांची यागी. ७ उणे ०.९ उणे ०.३ अधिक ५.५, झाले ११.३ डीबीडब्ल्यू, म्हणजे साडेतेरा वॅट. आरजी-५८ वाल्या २५ वॅटच्या सेटपेक्षा किंचितच कमी, तेही पाचव्या हिश्शाच्या ताकदीत. यागी फिरवावी लागते, मागच्या बाजूचे ऐकू येत नाही, हे खरे. पण कोल्हापूरच्या एकाच माणसाशी रोज बोलायचे असेल तर फिरवायची गरजच काय?

काही जण केबलची घट भरून काढायला वरून ॲम्प्लिफायर लावतात. ईआरपी वाढतो, पण समोरच्याचा क्षीण आवाज येताना त्याच केबलमध्ये तेच ५ डीबी हरवतात. अशा स्टेशनला जगभरचे हॅम 'मगर' म्हणतात: तोंड मोठे, कान लहान. केबल बदलली तर दोन्ही बाजूंना फायदा.

डिश टीव्हीची आरजी-६ चालते का, हा नेहमीचा प्रश्न. ती ७५ ओहमची, रेडिओ ५० ओहमचे. पण या फरकामुळे एसडब्ल्यूआर १.५ च्या आसपास राहतो आणि त्यात परत फिरणारी ताकद फक्त ४ टक्के. घट आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी. कनेक्टर नीट बसवायला त्रास होतो, एवढीच तक्रार. कमी ताकदीच्या कामाला ती बारीक आरजी-५८ पेक्षा सरस ठरते.

मीटर खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो

सेटजवळ एसडब्ल्यूआर मीटर १.४ दाखवतो आणि मालक खूश. पण केबलमध्ये ५ डीबी घट असेल तर अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ सुद्धा असू शकतो. अँटेनाकडून परत आलेली लाट जाताना ५ आणि येताना ५ असे १० डीबी गमावून मीटरपर्यंत येते, म्हणून मीटरला ती छोटी दिसते. केबल जितकी वाईट, तितका मीटर सुंदर! वर टोकाला अँटेनाच काढून ठेवली तरी अशा केबलवर मीटर १.९ च्या पुढे जात नाही.

यातच केबल तपासायची युक्तीही आहे. वरचे टोक उघडे ठेवायचे आणि खालून नॅनोव्हीएनएसारख्या छोट्या यंत्राने रिटर्न लॉस बघायचा. जो आकडा येईल त्याचा अर्धा म्हणजे केबलची एकतर्फी घट. १० डीबी दिसले तर घट ५ डीबी. तक्त्यात २५ मीटर आरजी-२१३ ला सव्वादोन असायला हवेत आणि यंत्र ४ सांगतेय, तर केबलमध्ये पाणी शिरलेय किंवा कनेक्टर गेलाय.

सेटची ताकदही छापील आकड्यावरून धरू नये. बॅटरीपासून बारीक वायर ओढली असेल तर ट्रान्समिट दाबताच व्होल्टेज पडते आणि १३.८ व्होल्टला २५ वॅट देणारा सेट त्याहून कमी देतो. वॅटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड लावून एकदा मोजून घ्यावे. बर्ड ४३ सारखा नावाजलेला वॅटमीटरसुद्धा पूर्ण स्केलच्या ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो, स्वस्त मीटर त्याहून जास्त. त्यात अँटेनाचा गेन अंदाजी. म्हणून घरच्या हिशेबाचे उत्तर 'सुमारे १७ वॅट' असेच लिहावे. '१७.१८ वॅट' लिहिणाऱ्याला हिशेब येतो, मोजमाप येत नाही.

एफएमवर बोलताना वाहक लहर सतत पूर्ण ताकदीने जाते, म्हणून वरचे आकडे सरळ लागू पडतात. एसएसबीवर मीटर सरासरी दाखवतो आणि सेटवर शिखराची ताकद छापलेली असते. तिथे ईआरपी कोणत्या ताकदीवर काढला ते शेजारी लिहून ठेवावे.

ईआरपी वाढला, तरी पणजी का लागत नाही?

बेळगाव ते पणजी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. मधे काहीच नसते तर १४५ मेगाहर्ट्झवर या अंतरात ११४ डीबी घट झाली असती. वरच्या हिशेबातले ते १७ वॅट ईआरपी, म्हणजे २८ वॅट ईआयआरपी, पणजीत साध्या अँटेनावर सुमारे उणे ७० डीबीएम पोचले असते. व्हीएचएफवर एस-९ म्हणजे उणे ९३ डीबीएम. सिग्नल मीटरचा काटा शेवटाला टेकला असता!

पण मधे चोर्ला-जांबोटीचा डोंगराळ पट्टा आहे आणि व्हीएचएफ लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. तिथे १७ चे ३४ वॅट केले तर मिळतात ३ डीबी, सिग्नल मीटरवर अर्धा एस. डोंगर त्याची दखलही घेत नाही.

सपाट जमिनीवरही पृथ्वीची गोलाई आड येते. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्यावी, प्रत्येकीचे वर्गमूळ काढून बेरीज करावी आणि ४.१२ ने गुणावे. रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्हीकडे १२ मीटर असेल तर साडेअठ्ठावीस किलोमीटर. एका बाजूने २४ मीटर केले की साडेचौतीस. हे अंतर ईआरपीच्या सूत्रात कुठेच येत नाही, म्हणून ईआरपीवरून थेट 'रेंज' सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. डोंगरमाथ्यावरचा रिपीटर कमी ताकदीतही दोन्हीकडचा प्रदेश सांभाळतो, तो याच कारणाने.

आणीबाणीत हे सगळे पुस्तकी राहत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचे पथक पोर्ट ब्लेअरमध्ये आधीच पोचलेले होते. फोन बंद पडल्यावर अंदमानहून निरोप पोचवायचे काम भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते लांबचे संपर्क एचएफवरचे होते. पुरात किंवा दरड कोसळल्यावर तालुक्याच्या गावापासून पाच-दहा किलोमीटरवरच्या वाडीशी बोलायचे असते तेव्हा व्हीएचएफ लागते, आणि वीज नसते. बॅटरीवर ५ वॅट आणि चांगली केबल हे २५ वॅट आणि वाईट केबल यापेक्षा कितीतरी जास्त तास चालते.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर

अंतरावरची ताकद काढायला ईआयआरपी घ्यायचा आणि त्याला ४ गुणिले पाय गुणिले अंतराच्या वर्गाने भागायचे. उत्तर प्रति चौरस मीटर वॅटमध्ये येते. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९८ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार १० ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये सर्वसामान्य माणसासाठी प्रति चौरस मीटर २ वॅट ही सीमा आहे. २८ वॅट ईआयआरपीला ती सीमा अँटेनापासून सुमारे १ मीटरवर येते. गच्चीचा स्लॅब, लोखंडी टाकीचा स्टँड यांच्यावरून लहर परावर्तित होऊन वाढू शकते, म्हणून अंतर दुप्पट, २ मीटर धरावे.

भारताने मोबाइल टॉवरसाठी २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची सीमा लावली आहे. घरच्या अँटेनालाही तोच कडक माप लावून बघायचे तर अंतर सव्वातीनपट होते: परावर्तन न धरता साडेतीन मीटरच्या आत, धरून ७ मीटर. हे मापही बोलणे सतत चालू आहे असे गृहीत धरते; खरे तर हॅम बोलतो कमी, ऐकतो जास्त. शिवाय उभ्या अँटेनाच्या बरोबर खाली ताकद कमीच असते. त्यामुळे मास्टवर ४ मीटर वर असलेल्या अँटेनाखाली वाळवण घालायला हरकत नाही. पण ५० वॅट आणि १० डीबीआयची यागी समोरच्या इमारतीच्या गॅलरीकडे रोखलेली असेल तर गोष्ट निराळी. ईआयआरपी ५०० वॅट, आंतरराष्ट्रीय सीमा साडेचार मीटरवर, दशांश सीमा १४ मीटरवर. गॅलरी १० मीटरवर असेल तर मास्ट उंच करावा किंवा ताकद कमी करावी. वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडते. विजेच्या तारांपासून मात्र मास्ट त्याच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त लांब हवा. रेडिएशनपेक्षा त्या तारेचा धोका हजारपट खरा आहे.

पावसाळ्यानंतर पुन्हा

सावंतवाडी, आंबोली, खानापूर, सत्तरी या पट्ट्यात चार महिने पाऊस कोसळतो. साध्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये पाणी शिरते आणि तिथून केबलच्या जाळीतून हळूहळू खाली उतरते. तांबे हिरवे-काळे पडते आणि घट वाढत जाते. किनाऱ्यालगत खारी हवा तेच काम आणखी लवकर करते. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथून टपकून जाते. केबल नवी असताना रिटर्न लॉसचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा मोजावे. एकतर्फी घट एक डीबीने वाढली असेल तर कनेक्टर कापून नवा बसवावा. तीनने वाढली असेल तर ती केबल कपडे वाळत घालायला ठेवावी.